टेकडीची अन्नजाळी टिकेल का? संगणकावर तपासायची रीत

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या प्रजातींची यादी करायला फार अडचण येत नाही. गवत, नाकतोडे, सरडे, शिक्रा अशी ती वाढत जाते. पण कोणाचा कोणावर नेमका किती परिणाम होतो, हे मोजताना सगळ्यांचीच दमछाक होते. सैद्धांतिक परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये यावर तोड काढली: आकडे मोजायच्या ऐवजी यादृच्छिक घ्यायचे. सुरुवात त्यांच्याच मॉडेलने करावी.

पायथॉनमध्ये नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) उघडा आणि ५० × ५० चं मॅट्रिक्स, म्हणजे ५० प्रजातींचा आकड्यांचा तक्ता, घ्या. स्तंभातली प्रजाती किंचित वाढली, तर ओळीतल्या प्रजातीच्या वाढीवर काय परिणाम होतो, ते त्या चौकटीत येतं. कर्णावर, म्हणजे प्रजाती स्वतःलाच भेटते त्या तिरप्या रांगेत, सगळीकडे −१ भरा. हे स्वनियंत्रण, म्हणजे गर्दी झाली की आपोआप बसणारा लगाम. उरलेल्या चौकटींपैकी साधारण १० टक्के भरा. त्यासाठी सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) ०.४ असलेल्या प्रसामान्य वितरणातून आकडे घ्या. बाकी सगळं शून्य.

आता मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढा; छोटा धक्का विरतो की वाढत जातो, हे सांगणारे हे आकडे. त्यांतला सर्वांत मोठा वास्तव भाग ऋण असेल, तर समतोल स्थिर. मे यांची अट अशी: प्रमाण विचलन × √(प्रजातीसंख्या × जोडणीचं प्रमाण, म्हणजे भरलेल्या चौकटींचा वाटा) स्वनियंत्रणापेक्षा, म्हणजे इथे १ पेक्षा, कमी हवं. इथे ०.४ × √५ म्हणजे ०.८९, त्यामुळे बहुतेक वेळा स्थिर. प्रजाती १०० केल्या की १.२६ येतात, आणि जाळी कोसळते. एका धावेवर विसंबू नका. सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभबिंदू) बदलत किमान १०० धावा घ्या. सीमारेषेजवळ निकाल दोन्ही बाजूंनी पडतात.

चुका ठरावीक असतात. कर्ण शून्यच राहिला, तर आयगेनव्हॅल्यूंची बेरीज शून्य होते, मग स्थैर्य येणारच नाही. प्रमाण विचलनाच्या जागी त्याचा वर्ग, ०.१६, टाकला तर उलट सगळंच स्थिर दिसतं. सर्वांत फसवी चूक म्हणजे सममित मॅट्रिक्ससाठीचं फंक्शन वापरणं: ते अर्धंच मॅट्रिक्स वाचतं आणि बिनतक्रार चुकीचं उत्तर देतं.

खरी मेख जोड्यांत आहे. सरडा नाकतोडा खातो, म्हणजे एका चौकटीत धन आकडा आला की कर्णापलीकडच्या जुळ्या चौकटीत ऋण यायलाच हवा. म्हणून चौकटी सुट्या भरू नका. कर्णाच्या वरची प्रत्येक जोडी एकदाच घ्या, १० टक्के शक्यतेने ती जोडा आणि दोन्ही आकडे विरुद्ध चिन्हांचे टाका. आलेसिना आणि तांग यांनी २०१२ मध्ये दाखवलं की अशा जाळीत मे यांच्या अटीची डावी बाजू (१ − २/π) पटीने, म्हणजे ०.३६ पटीने, घटते. वरची १०० प्रजातींची कोसळलेली जाळी ०.४६ वर येऊन स्थिर होते. तेवढ्याच प्रजाती, तेवढेच दुवे! दोन्ही चिन्हं धन केली, म्हणजे फूल आणि मधमाशीसारखी सहकाराची जाळी केली, तर मात्र तीच बाजू ३ च्या वर जाते.

टेकडीची खरी यादी वापरताना पक्षी एकेक आणि कीटक मात्र ‘किडे’ या एकाच गाठीत, असं करू नका. त्याने प्रजातीसंख्या घटते, त्या गाठीला भारंभार दुवे चिकटतात आणि स्थैर्याचा आकडा टेकडीपेक्षा यादी करणाऱ्याच्या सवयींबद्दलच जास्त सांगतो.