लेखनातले स्वतःचे गुणदोष लिहिताना या चुका टाळा

‘माझे व्याकरण कच्चे आहे, पण कल्पनाशक्ती चांगली आहे.’ कॉलेजात लेखनाच्या तासाला स्वतःचे गुणदोष लिहायला सांगितले की हे वाक्य थोड्याफार फरकाने बहुतेक टिपणांत येते. मुले प्रामाणिकपणे लिहितात, याबद्दल मला शंका नाही. पण हेच वाक्य वर्गातल्या कुणाच्याही टिपणात खपून जाईल, आणि अडचण तिथेच आहे. स्वतःचा निबंध समोर न घेता, शाळेपासून कानावर पडत आलेला शेरा पुन्हा उतरवलेला असतो.

शेरा लिहू नका, चुका उतरवा

तपासून आलेले शेवटचे तीन-चार निबंध काढा आणि लाल खुणा झालेले शब्द एका कागदावर एकाखाली एक लिहा. समजा, यादीत जावून, घेवून, खावून, येवून असे शब्द आले. दिसायला या चार चुका आहेत, पण मुळात चूक एकच आहे. धातूतच ‘व’ असेल तर ‘वून’ येते: धाव-धावून, ठेव-ठेवून, जेव-जेवून. जा, घे, खा, ये यांत ‘व’ नाही, म्हणून जाऊन, घेऊन, खाऊन, येऊन.

गरीबाला, वकीलाने, बहीणीचा हे शब्दही असेच एका घरचे. मूळ शब्दातले शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते, पण प्रत्यय लागताना ते ह्रस्व होते: गरिबाला, वकिलाने, बहिणीचा. लिहिणाऱ्याने मूळ शब्द बरोबर लक्षात ठेवला आणि तो तसाच ठेवून प्रत्यय जोडला. म्हणजे चुकीमागे विचार आहे, नियम मात्र अर्धाच माहीत आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत: शरीराला, गीताचा, परीक्षेत. त्यामुळे नवा नियम कळल्यावर काही दिवस हातून ‘शरिराला’ही लिहिले जाईल. त्याने खचू नका. नियम डोक्यात बसत असताना असे होतेच.

एवढे केल्यावर ‘व्याकरण कच्चे’ या जागी लिहिता येते: ‘प्रत्यय लावताना शेवटून दुसरे अक्षर ह्रस्व करायचे माझ्याकडून राहते.’ हे वाक्य तुमचे आहे आणि त्यावर उद्यापासून काम करता येते.

न कळलेले आणि निसटलेले एकत्र करू नका

भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी १९६७ साली भाषा शिकणाऱ्यांच्या चुकांचे दोन गट पाडले. एका गटात नियमच ठाऊक नसल्याने पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका येतात, दुसऱ्यात घाईने किंवा थकव्याने झालेल्या. निबंधात पाच ठिकाणी ‘त्यांनी’ आणि एकाच ठिकाणी ‘त्यानी’ असेल, तर अनुस्वार तुम्हाला कळतो. तो तिथे फक्त निसटला. निबंध दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. जी चूक तुमची तुम्हाला सापडली ती निसटलेली. वाचूनही जी बरोबरच वाटली, ती न कळलेली. पहिलीला सावकाश पुनर्वाचन पुरते, दुसरीसाठी नियम शिकावा लागतो.

शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे काम सोपवू नका. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. दोन्ही शब्द कोशात असल्याने एकाच्या जागी दुसरा पडला तरी ते बऱ्याचदा गप्प राहते.

फक्त स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका

जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांची इंग्रजी व्याकरणाचीही चाचणी होती. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांशाला आपण निम्म्याहून अधिक जणांच्या पुढे आहोत असे वाटत होते. सर्वांत वरच्या चतुर्थांशाने स्वतःला कमी लेखले होते. नंतर दोन्ही गटांना इतरांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या, तेव्हा वरच्यांचा अंदाज सुधारला, खालच्यांचा सुधारला नाही. यामागच्या कारणांवर पुढे बराच वाद झाला, पण टिपण लिहिणाऱ्याला एवढे पुरेसे आहे: चूक ओळखायला जे ज्ञान लागते, तेच कमी असेल तर ती दिसणार कशी? म्हणून एक तरी दुसरा वाचक हवा. आणि स्वतःला उगाच कमी लेखणाऱ्यांनी वर्गमित्रांचे निबंध जरूर वाचावेत.

गुण मोघम ठेवू नका

मला वाटते, गुण शोधणे दोष शोधण्याहून अवघड आहे. दोषावर लाल खूण असते, गुणावर कसलीच नसते. ‘कल्पनाशक्ती’ असे लिहून थांबण्यापेक्षा जागा दाखवा: ‘तिसऱ्या परिच्छेदात विरोधी मत आधी पूर्ण मांडले आणि मगच त्याला उत्तर दिले.’ जागा सापडत नसेल, तर निबंध कुणाला तरी वाचायला द्या आणि कागद बाजूला ठेवून त्यातले काय आठवते ते विचारा. जे आठवले, तिथे काहीतरी जमलेले असते.

कधी गुण आणि दोष एकाच वाक्यात राहतात. ‘विद्यार्थ्यांच्या अडचणी, ज्या परीक्षेच्या काळात वाढतात, त्याकडे लक्ष दिला पाहिजे.’ इथे अडचणी अनेक आहेत म्हणून ‘त्यांच्याकडे’ हवे, आणि ‘लक्ष’ नपुंसकलिंगी म्हणून ‘दिले’. पण एका वाक्यात दोन गोष्टी पेलण्याची धडपडही इथेच दिसते. अशा विद्यार्थ्याला ‘छोटी वाक्ये लिही’ एवढेच सांगितले, तर चुकीबरोबर ती धडपडही जाईल. त्याने लांब वाक्ये लिहीत राहावे आणि प्रत्येक लांब वाक्यात कोणता शब्द कशाशी जुळतो ते शेवटी तपासावे.

दहा दोषांची यादी करू नका

पुढच्या निबंधासाठी एकच दोष निवडा. निबंध देण्यापूर्वी फक्त तेवढ्यासाठी एकदा वाचा. तपासून परत आला की आकडा टिपणात लिहा: मागच्या निबंधात नऊ, या निबंधात चार.