ठोकलेली इव्ही चालू होत नाहीये? आधी छोटी बॅटरी बघा, मोठीला नंतर हात लावा

मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुख घाटात एक इव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक कार, पुढच्या ट्रकवर जाऊन आदळली. माझ्याकडे वागळे इस्टेटला ती आली तीन आठवड्यांनी, कारण मधल्या काळात दुसरीकडे तिचं डेंटिंग पेंटिंग झालं होतं आणि तिथे मालकाला सांगून टाकलं होतं की मेन बॅटरी गेली, नवीन टाकायला लागेल. त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. बॅटरी चांगली होती, फॉल्ट होता डाव्या हेडलाइटच्या मागे एका बोल्टखाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की ठोकलेल्या इव्हीत शोधायचं ते लहानाकडून मोठ्याकडे, स्वस्तातून महागाकडे, उलटं नाही.

पण त्याच्या आधी जीव. नारिंगी वायर म्हणजे हाय व्होल्टेज, आपल्याकडच्या बऱ्याच इव्हीत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि त्याला चुकून हात लागला तर दुसरा चान्स मिळेलच असं नाही. नारिंगी वायर सोललेली दिसते, खालून मोठ्या बॅटरीच्या पॅकला खड्डा पडलाय, गोडसर केमिकलसारखा वास येतोय किंवा पॅक हाताला गरम लागतोय, यातलं एक जरी असेल तरी काही उघडू नका, गाडी उघड्यावर घ्या, दुसऱ्या गाड्यांपासून आणि भिंतीपासून १५ मीटर तरी लांब. आपल्याकडे सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये नेऊन लावतात ते करूच नका, दबलेला सेल काही तासांनी सोडा, काही दिवसांनी पण पेटू शकतो. धूर दिसला तर लांब व्हा आणि १०१ ला फोन. आणि गाडी न्यायची ती फ्लॅटबेडवर, कारण चाकं फिरली की मोटर पण फिरते आणि करंट तयार करते.

इन्शुरन्सचा सर्व्हेयर बघून जाईपर्यंत काही खोलायचं नाही, फोटो सगळे काढून ठेवायचे, खालून पण.

आता १२ व्होल्टची बॅटरी. लोकांना वाटतं इव्हीत एवढी मोठी बॅटरी आहे मग या छोटीचं काय काम, पण मोठ्या बॅटरीचा दरवाजा म्हणजे कॉन्टॅक्टर नावाचा मोठा स्विच, तो उघडतो या छोटीच्या जोरावर. ही उतरली की गाडी चालू होणार नाही आणि चार्जिंग पण घेणार नाही. ठोकल्यानंतर गाडी आठ-पंधरा दिवस यार्डात पडून राहते, हॅझार्ड चालू राहतात, दरवाजा नीट लागत नाही म्हणून आतली लाइट जळत राहते, बॅटरी संपणारच. मीटर लावा, १२.६ च्या आसपास असेल तर ठीक, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला. गाडी रेडी झाल्यावर, म्हणजे चालू होऊन डॅशबोर्डवर रेडी आल्यावर, तिथेच १३.५ ते १४.५ दिसायला हवं, नाही दिसलं तर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करत नाहीये किंवा त्याचा फ्युज उडालाय.

मग अर्थिंग, म्हणजे वायरची मायनस बाजू जिथे बोल्टने बॉडीला जोडलेली असते ते जोड. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्ही पण घालवा. गायमुखच्या त्या गाडीत बटण दाबलं की टक् असा आवाज यायचा, कॉन्टॅक्टर बसायचा, म्हणजे जोडला जायचा, आणि लगेच टक् करून सुटायचा, डॅशबोर्डवर सगळे दिवे पेटलेले. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, म्हणजे ठीकच. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर धरली, लाल पिन एकेका अर्थच्या लगवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या बोल्टखालच्या धातूच्या चकतीवर, हेडलाइट आणि फॅन चालू ठेवून. चांगल्या अर्थला ०.१ व्होल्टच्या आत दिसतं. डाव्या हेडलाइटच्या मागच्या लगवर दिसलं १.६. बोल्ट खोलला तर खाली प्रायमर, त्यावर रंग, आणि त्या रंगावर लग कसून बसवलेला, वरून एकदम चकाचक. पेंटिंग करताना कोणी तिथे टेप लावली नव्हती. रंग घासून लोखंड उघडं केलं, लग साफ केला, बोल्ट कसला, ग्रीस लावलं, गाडी रेडी. मीटरच्या कंटिन्युटीच्या बीपवर, म्हणजे वायर जोडलेली आहे असं सांगणाऱ्या आवाजावर, विश्वास ठेवू नका हे त्यातूनच सांगतो, बीप तिथे पण वाजली होती, लोड टाकल्याशिवाय खराब अर्थ पकडला जात नाही.

एवढं करून मग स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचायचं यंत्र. कोड आधी सगळे सेव्ह करा, फोटो घ्या, मग क्लिअर करा, पुन्हा वाचा. व्होल्टेज पडलं की प्रत्येक ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, काही ना काही तक्रार नोंदवून ठेवतो, तीस-चाळीस कोड बघून घाबरायचं कारण नाही, क्लिअर केल्यावर जे परत येतात तेच खरे. यू अक्षराने सुरू होणारे कोड ढीगभर परत आले तर कॅन लाइन बघा, म्हणजे हे ईसीयू ज्या दोन वायरवरून एकमेकांशी बोलतात ती लाइन. १२ व्होल्टची मायनस काढा, स्कॅनर जिथे लावतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ओहम मोजा. ६० आलं तर लाइन शाबूत, १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर तुटला, शून्याजवळ आलं तर दोन वायर कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत मध्ये गेटवे, म्हणजे लाइन वेगळ्या करणारा ईसीयू, असतो, तिथे या पिनवर फक्त डायग्नोस्टिकची लाइन दिसते, म्हणून सर्किट डायग्राम हातात ठेवा. ठोकलेल्या गाडीत पुढच्या बंपरमागचा हार्नेस, म्हणजे वायरचा जुडगा, आधी बघायचा, बाहेरून टेप चांगली दिसते आणि आत वायर चिमटलेली असते.

एअरबॅगच्या वायरला मीटर कधीच लावायचा नाही, मीटरच्या छोट्या करंटनेही बॅग उडू शकते. त्या वायरच्या कपलरला, म्हणजे जोडणाऱ्या प्लगला, हात लावायच्या आधी १२ व्होल्ट काढून थोडं थांबा. एअरबॅग उडालेली असेल तर एअरबॅगचा ईसीयू मोठ्या बॅटरीला बंद व्हायचा सिग्नल देतो, काही गाड्यांत त्यासाठी पायरो फ्युज असतो, तो एकदाच फुटतो आणि बदलावाच लागतो. असा लॉक लागलेला असताना पण लोक म्हणतात बॅटरी मेली.

दुसरं नेहमीचं दुखणं इंटरलॉक. सगळ्या नारिंगी कपलरमधून कमी व्होल्टेजची एक बारीक लाइन फिरते, एक कपलर जरी अर्धवट बसला तरी ती तुटते आणि कॉन्टॅक्टर बसतच नाही. धक्क्याने कपलरचं लॉक अर्धा मिलिमीटर सरकतं किंवा आतली बारीक पिन मागे ढकलली जाते, डोळ्याला दिसत नाही.

इथून पुढचं काम ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचं, १००० व्होल्टचे ग्लोव्हज घालून. १२ व्होल्ट काढायचा, हाय व्होल्टेजची लाइन तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा म्हणजे दुसरा कोणी लावणार नाही, कंपनी सांगते तितकी मिनिटं थांबायचं कारण मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असतो, आणि शून्य आलंय हे मोजूनच पुढे जायचं. मोजायच्या आधी आणि नंतर मीटर चालू सप्लायवर तपासा, बिघडलेला मीटर पण शून्यच दाखवतो.

इन्सुलेशनचा कोड आला, पी-झिरो-ए-ए-सिक्स, तर नारिंगी लाइनमधून बॉडीकडे गळती आहे. नियमातली कमीत कमी मर्यादा डीसीसाठी व्होल्टला १०० ओहम, म्हणजे ४०० व्होल्टला ४० किलोओहम, पण चांगल्या गाडीत ते मेगाओहममध्ये असतं. एकेक पार्ट सुटा करून बघत जायचं, एसीचा कॉम्प्रेसर, हीटर, चार्जर, ज्याला काढल्यावर आकडा वर जातो तो दोषी. समोरून ठोकलं असेल तर मी कॉम्प्रेसरपासून सुरू करतो. तो बदलला किंवा गॅस भरला तर इव्हीचंच पीओई ऑइल घाला, पेट्रोल गाडीचं पीएजी ऑइल गेलं की नवा कॉम्प्रेसर बसवून पण इन्सुलेशन पडतं, मग पुन्हा बॅटरीवर आळ येतो. पॅकच्या आतला इन्सुलेशनचा आकडाच पडलेला असेल किंवा लाइव्ह डेटामध्ये एखादा सेल बाकीच्यांपासून लांब पडत चाललाय असं दिसलं, तेव्हाच मोठ्या बॅटरीबद्दल बोलायचं, आणि पॅक गॅरेजमध्ये उघडायचा नाही.

गाडी चालू झाली म्हणजे लगेच मालकाच्या ताब्यात देऊ नका. एकदा स्लो आणि एकदा फास्ट चार्जिंग लावून बघा, आणि आपल्या ठाण्याच्या पावसात ती रात्रभर उघड्यावर उभी राहू द्या. सकाळी बोनेट उघडायच्या आधी इन्सुलेशनचा आकडा परत वाचा, कोरड्या दिवशीच्या आकड्याशेजारी लिहा. खाली घसरला असेल तर कुठल्यातरी कपलरचं रबर सील फाटलंय, ते शोधा, पिना हिरव्या पडायच्या आत.