गणपतीआधी दोन महिने: आवाजाच्या बंदोबस्तासाठी नगरपरिषदेची तयारी

सुरुवात नकाशापासून करा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा क्षेत्रानुसार बदलते: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, बाजारपेठेत 65 आणि 55, औद्योगिक भागात 75 आणि 70, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवतीचे 100 मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात असं अनेकजण धरून चालतात. पण 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय ते तसं ठरत नाही. म्हणून फलक रंगवायच्या आधी अधिसूचनेची प्रत फाइलला लावा. आपली जागा त्यात नसेल तर प्रस्ताव आजच जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.

कारवाईचे अधिकार कोणाकडे आहेत तेही लेखी हवं. जिल्हाधिकारी, पोलिस आयुक्त किंवा नेमून दिलेला किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी, असं नियम सांगतो. तो नेमणुकीचा आदेश आणि रात्रपाळीचा फोन नंबर प्रत्येक वॉर्डात लावा.

आता डेसिबल मीटर, कारण बहुतेक प्रकरणं इथेच ढासळतात. मोबाइलचं ॲप पुरावा म्हणून धरू नका. किमान क्लास 2 चं (हा अचूकतेचा दर्जा) मीटर, कॅलिब्रेटर (ठराविक पातळीचा आवाज काढून मीटर तपासणारं छोटं यंत्र), माइकवरची फोमची टोपी, ट्रायपॉड, जादा सेल आणि चालू मुदतीचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र एकाच पेटीत ठेवा. मोजण्याआधी आणि मोजून झाल्यावर कॅलिब्रेटर माइकवर बसवून सुरू करा. त्यावर 94 लिहिलं असेल तर पडद्यावर 94 च्या आसपासच आकडा दिसला पाहिजे. 92 दिसला तर मीटर आधी जुळवून घ्या, आणि दोन्ही आकडे पंचनाम्यात लिहा. ट्रायपॉड साधारण दीड मीटर उंच, भिंतीपासून साडेतीन मीटर दूर. भिंतीला चिकटून मोजलं की परावर्तनाने आकडा फुगतो. मंडपाच्या जागी आठवडाभर आधी त्याच वेळेचा पार्श्वभूमीचा आवाज मोजून ठेवा. तो आणि नंतरचा आकडा यांत 10 किंवा जास्त फरक असेल तर पार्श्वभूमीची वजावट लागत नाही. 3 पेक्षा कमी असेल तर त्या वाचनावर केस उभी करू नका. क्षणिक उसळी पकडण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांची सरासरी पातळी घ्या. डीजेच्या बेससाठी सी-भाराचं (खालचे सूर फारसे न कापता मोजणारी मीटरची सेटिंग) वाचनही टिपा: 63 हर्ट्झला, म्हणजे बेसच्या सुरांना, ए-भार (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजणारी नेहमीची सेटिंग) जवळजवळ 26 डेसिबल वजा करतो, त्यामुळे खिडक्या थरथरत असतानाही आकडा सभ्य दिसतो. मर्यादा ए-भारावर आहे हे खरं, पण तक्रारदाराच्या छातीत धडधडतंय ते खोटं नाही, आणि स्पीकरच्या बॉक्सची तोंडं फिरवायला सांगताना हा आकडा कामी येतो.

मंडळांच्या परवानगीपत्रावर आकडा छापा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, यांतला जो कमी तो लागू. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा 65, बाजारपेठेत 75. बॉक्सच्या संख्येवर वाद घालत बसू नका: चाराचे दोन केले तरी जेमतेम 3 डेसिबल उतरतात, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण 6 उतरतात. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री बारापर्यंत वाजवायला सूट मिळू शकते. ती फक्त वेळेची आहे, डेसिबलची नाही. हे वाक्य पत्रावर ठळक टाका, कारण नेमका याचाच गैरसमज दरवर्षी होतो.

रहदारीचं काम वर्षभराचं. निवासी भागात रात्री हॉर्नला बंदी आहे. विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-एफ खाली पहिल्यांदा 1000 आणि नंतर 2000 रुपये दंड आहे. सायलेन्सरच्या बाबतीत दुचाकी बनवणाऱ्या कंपनीसाठीची 75 ते 80 डेसिबलची मर्यादा चौकात धरलेल्या मीटरशी जुळवू नका, त्या चाचणीचं अंतर आणि पद्धत वेगळी असते. मूळ सायलेन्सर बदललाय किंवा आतली जाळी काढलीय का ते पाहा, फोटो घ्या, आणि तो बसवून देणाऱ्या गॅरेजचा पत्ताही विचारा. गाड्या दहा पकडल्या आणि गॅरेज सुटलं, तर महिन्याभरात रस्त्यावर दहा नव्या दिसतात.

रात्रीचा बराच खडखडाट मात्र नगरपरिषदेच्याच मालकीचा असतो. हलणारी चेंबरची झाकणं, उखडलेल्या गतिरोधकावर आदळणारे रिकामे ट्रक. रात्री अकरानंतर एक कर्मचारी मुख्य रस्त्यावरून चालवा, प्रत्येक झाकणावर पाय देऊन बघायला सांगा आणि हललेल्यावर रंगाची खूण करायला लावा. दुसऱ्या दिवशी कडेला रबराची पट्टी बसवून चौकट सिमेंटने घट्ट करा.