घाटात उतरण्या-चढण्यापूर्वी गाडीचे मीटर कसे वाचावे

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला किंवा सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगावला जाणाऱ्याने स्टिअरिंगमागचे मीटर घरच्या अंगणातच वाचायला सुरुवात करावी. चावी फिरवल्यावर, पण इंजिन सुरू करण्यापूर्वी, इशाऱ्याचे बहुतेक दिवे काही क्षण लागतात, कारण गाडी तेव्हा स्वतःची तपासणी करत असते. इंजिन सुरू झाल्यावर ऑइल, बॅटरी, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे दिवे विझले पाहिजेत. तपासणीच्या वेळी एखादा दिवा लागलाच नाही, तर तोच बिघडलेला असण्याची शक्यता असते आणि पुढे खरा दोष उद्भवला तरी तो तुम्हाला कळणार नाही.

लाल दिवा लागल्यास सुरक्षित जागा पाहून थांबावे, पिवळा लागल्यास गाडी लवकर मेकॅनिकला दाखवावी. हिरवा आणि निळा केवळ काय चालू आहे ते सांगतात. तरीही आंबोलीच्या धुक्यात निळ्या दिव्याकडे लक्ष हवे, कारण तो हाय बीमचा असतो आणि तो प्रकाश धुक्यावरून उलटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

तेलाच्या झारीचे लाल चित्र दिसले, तर इंजिनमधील ऑइलचा दाब कमी झालेला असतो. अशा वेळी पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह टाळून इंजिन ताबडतोब बंद करावे.

चढणीवर सर्वाधिक लक्ष तापमानाच्या काट्यावर ठेवावे. अनेक गाड्यांत कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान थोडे वरखाली झाले तरी काटा मध्यावरच स्थिर राहील अशी रचना असते, त्यामुळे तो मध्यावरून वर सरकू लागला की उशीर झालेलाच असतो. एसी बंद करावा, वळण टाळून रुंद जागी थांबावे आणि इंजिन थंड होईपर्यंत कूलंटचे झाकण मुळीच उघडू नये, कारण दाबाखालचे उकळते कूलंट अंगावर उसळते. काही नव्या गाड्यांत काटाच नसतो. तिथे निळा दिवा थंड इंजिन आणि लाल दिवा तापलेले इंजिन दर्शवतो.

उतरणीवर किंवा वळणावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागून विझत असेल, तर पुष्कळजण हँडब्रेक नीट खाली केला नसावा असे समजून पुढे जातात. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही असे होत असेल, तर ब्रेक ऑइलची पातळी कमी झाली असण्याची शक्यता मोठी असते, कारण गाडी कलली की टाकीतील द्रव एका बाजूला सरकतो आणि पातळी मोजणारा तरंगक खाली जातो. माझ्या मते घाटातील हा सर्वांत महत्त्वाचा इशारा आहे. पातळी घटण्याचे कारण झिजलेले ब्रेक पॅड असू शकते किंवा गळती, म्हणून नुसते ऑइल भरून निघू नये.

इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर बेताने गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होत असते, म्हणजे त्यात इंधन नीट जळत नसते, आणि न जळालेले इंधन धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करू शकते.

शिल्लक इंधनात किती किलोमीटर जाता येईल हा आकडा अलीकडच्या सरासरी वापरावरून काढलेला असतो. महामार्गावर तो 120 दिसत असला, तरी चढणीला लागल्यावर झपाट्याने उतरतो, म्हणून पायथ्याशीच टाकी भरावी.