कृष्णेच्या डोहातला पहिला शिंगटा गळाने कसा धरावा

चिलापी (तिलापिया मासा) कुणालाही लागते. कणकेची गोळी लावून बंधाऱ्याच्या फुगवट्याला तासभर बसलं तरी पाच-सहा येतात. शिंगटा तसा येत नाही. कुणी त्याला शिंगाळा म्हणतं, कुणी शिंगाडा. अंगावर खवलं नाहीत, पाठीवरच्या मागच्या मऊ परावर काळा ठिपका आणि मिशा चांगल्या लांब. हा तळाशी राहणारा मासा आहे. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की जागा, शिसं, आमिष सगळं त्यावरूनच ठरत जातं.

पहिल्या खेपेला फेब्रुवारी-मार्च निवडा. तेव्हा पाणी निवळलेलं असतं आणि थंडीही ओसरलेली असते. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. त्या दिवसांत नर तळात खड्डा करून अंड्यांची राखण करतो, तो उचलला तर मागे सगळी वीण उघडी पडते.

जाण्याआधी गावात विचारून घ्या. पाण्याचा ठेका बऱ्याच ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांची परवानगी लागते. शिवाय कुठे किती पाणी आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. औदुंबरला, वाईच्या घाटांवर किंवा कराडच्या प्रीतिसंगमावर, जिथे माणसं दर्शनाला आणि आंघोळीला येतात, तिथे गळ टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चौकशी मगरीची. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसं ओढून नेलेली आहेत. फेब्रुवारीपासून मादी काठावरच्या वाळूत, मळीच्या (गाळाच्या) मातीत अंडी घालते आणि त्या जागेभोवती कुणाला फिरकू देत नाही. म्हणून पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. काठापासून चार-पाच मीटर मागे, उंचावर बसा. आमिषाचा डबा आणि धरलेला मासा पाण्याच्या कडेला ठेवू नका. शिंगटा अंधार पडल्यावर जास्त फिरतो हे खरं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पहाटे उजाडल्यावर बसावं, नाहीतर दुपारी चारला बसून दिवेलागणीच्या आत उठावं. एकटं जाऊ नये. धरणातून पाणी सोडणार असल्याची सूचना असेल त्या दिवशी घरीच थांबा.

आता जागा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, म्हणून घाई करू नका. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूचा काठ कापला जाऊन डोह पडतो. दोन पाणी मिळतात तिथेही तळ खोदला जातो. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, त्याच्या खालच्या अंगाला असे डोह सापडतात. पण वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं, म्हणून तळ हाताने वाचायचा. गळ न लावता दोरीला नुसतं शिसं बांधा आणि फेका. ते पडल्यापासून दोरी सैल होईपर्यंत मनात आकडे मोजा. आकडा वाढला म्हणजे पाणी खोल. मग हळूहळू ओढा. दगड असेल तर काठीला ठकठक जाणवते, वाळू खरखरते, आणि गाळात शिसं रुतून जड येतं. खरखर संपून जडपणा सुरू होतो ती रेघ शोधा. शिंगटा त्या रेघेवरून खाणं हुडकत फिरतो. अशा चार-पाच फेकींत अर्धा तास जातो, तो जाऊ द्या.

सामान साधं आहे. आठ-नऊ फुटी मजबूत रॉड, मध्यम रीळ, ०.४० मिमीची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. शिसं ४० ते ६० ग्रॅमचं, मधे भोक असलेलं, म्हणजे तंगूस त्यातून सरकते आणि माशाला ओझं जाणवत नाही. त्याखाली एक मणी, स्विव्हल (फिरती कडी), मग दीड फूट दोरा आणि १/० किंवा २/० नंबरचा गळ. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, मासा सोडवताना फार उपयोग होतो. आमिषाला गांडुळांचा झुपका, नदीतले झिंगे किंवा कोंबडीचं आतडं. कणीक नको, तिच्यावर चिलापीच तुटून पडते.

फेकल्यावर तंगूस अलगद ताणून ठेवा, रिळाचा ड्रॅग (तंगूस सुटू देणारा आवळ) थोडा सैल करा आणि वाट बघा.

आधी टोकावर बारीक टकटक होते. नववीत असताना हरिपूरच्या खाली मी याच टकटकीला झटका मारला आणि रिकामा गळ हवेत आला. मामा शेजारी होते. "थांब की जरा, तोंडात तर जाऊ दे त्याच्या," एवढंच म्हणाले आणि नवं गांडूळ पुढे केलं. टकटक म्हणजे तो चाचपतोय, किंवा बारका मासा कुरतडतोय. तंगूस एका दिशेला सलग चालू लागली की रॉड उचलून ताण द्या, मग उशीर करू नका. उशीर झाला तर गळ पोटात जातो.

लागल्यावर तो वर येत नाही, डोकं तळाला लावून दगडांकडे ओढतो. रॉड उंच धरा. ओढेल तेव्हा ओढू द्या, थांबला की रॉड उचला आणि खाली आणता आणता रीळ गुंडाळा. काठाशी तो शेवटचा एक हिसका देतोच. उचलायला लांब दांड्याची जाळी वापरा, पाण्यात हात घालू नका.

हाताळताना पाठीवरचा एक आणि दोन्ही कल्ल्यांमागचे दोन काटे सांभाळा. त्यांना करवतीसारखे दाते असतात. टोचलं तर हात खूप ठणकतो. जखम स्वच्छ धुऊन डॉक्टरकडून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. ओल्या फडक्याने, काट्यांच्या मागून धरावं. गळ खोल गेला असेल तर उपसू नका, तंगूस तोंडाजवळ कापा.

न्यायचा की सोडायचा हे तुम्ही ठरवा. मी किलोच्या आतला सोडतो. सोडताना जाळीतच पाण्यात धरून ठेवा, कल्ले नीट हलू लागले की तो आपणहून निघतो. खायला न्यायचा असेल तर आधी पाणी बघा. फेस किंवा उग्र वास असेल, कडेला मेलेले मासे तरंगत असतील, तर तिथला मासा चुलीवर चढवू नका. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत ढिगाने मासे मेले होते, ते काठावरची माणसं विसरलेली नाहीत.

उठताना तुटलेली तंगूस वेचून खिशात घाला. काठावर राहिली तर ती बगळ्यांच्या पायात अडकते.