ड्रायर फिरतो, पण तापत नाही? या चुका टाळा

पावसाळ्यात बडोद्याची हवा इतकी दमट असते की दांडिया बाजारातल्या बंदिस्त गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींना दुसऱ्या दिवशीही कुबट वास येतो, आणि ड्रायर बिघडल्याचे नेमके तेव्हाच लक्षात येते. ड्रम फिरतो पण कपडे ओलेच निघतात, असे दिसताच ‘हीटर जळाला’ असे ठरवून नवा हीटर मागवण्याची घाई करू नये.

यंत्र तापणे अपेक्षित होते का, हे आधी पाहावे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर कपडे फक्त पिळतो, त्यात हीटर नसतोच. गार हवेचा प्रोग्रॅम चुकून लागला असेल तरी कपडे तापत नाहीत. आणि हीट पंप ड्रायर साधारण ५० अंशांवर चालत असल्याने त्यातले कपडे हाताला फारसे गरम लागत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक थर्मल फ्यूजच्या, म्हणजे यंत्र फार तापल्यास हीटरची वीज तोडणाऱ्या सुरक्षा भागाच्या, बाबतीत होते. फिल्टरची जाळी किंवा हवा बाहेर सोडणारा पाइप कपड्यांच्या तंतूंनी तुंबला, की गरम हवा हीटरभोवतीच कोंडते, तापमान मर्यादेबाहेर जाते आणि फ्यूज कायमचा उडतो. कित्येक मॉडेलांत त्यानंतरही मोटर चालूच राहते, म्हणून दोष हीटरचा वाटतो. अशा वेळी ‘फ्यूज डायरेक्ट करून देतो’ असे कोणी म्हटल्यास स्पष्ट नकार द्यावा, कारण त्या फ्यूजशिवाय ड्रायर चालवणे म्हणजे घरात आगीला वाट करून देणे होय. नवा फ्यूज बसवला आणि पाइप तसाच तुंबलेला ठेवला, तर तोही उडणारच. जाळी दिसायला स्वच्छ असली तरी नळाखाली धरून पाहावी. पाणी आरपार न जाता वर साचून राहिले, तर कपडे मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा चिकट थर बसला आहे असे समजावे आणि ती साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासून, पूर्ण वाळवूनच परत लावावी.

फ्यूज शाबूत असेल, तर जाणकाराकडून प्लग काढून, हीटरची वायर सुटी करून मल्टिमीटरने तपासणी करवून घ्यावी. २३० व्होल्टच्या २००० वॉट हीटरचा रोध सुमारे २६ ओहम भरतो. मीटरने सर्किट तुटल्याचे दाखवले तरच हीटर बदलावा. सॉकेटमध्ये १८० व्होल्टच येत असतील, तर तोच हीटर जेमतेम १२०० वॉट देतो, आणि नवा बसवूनही काही फरक पडत नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर वापरूच नये. १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरले होते, त्यांनी ड्रायरच्या वायरींची टोकेही उघडून पाहायला सांगावीत, कारण तिथे गंज चढला असेल तर हीटर आणि फ्यूज दोन्ही ठीक असूनही यंत्र तापत नाही.