पान्याला दाद न देणारी तोटी

टपटपणारी तोटी दुरुस्त करायची म्हणजे आतलं रबरी वायसर बदलायचं, एवढंच. पण आमच्या लातुरात बोअरचं पाणी इतकं जड की क्षार आट्यांत बसून दगड होतो आणि तोटीचं डोकं, म्हणजे मुठीखालचा फिरवून काढायचा भाग, हलायलाच तयार नसतं. मग प्लंबर येतो आणि म्हणतो, "ताई, नवीनच बसवा." बसवू नका. पितळी तोटी असेल तर अजिबात नको, आताच्या तोट्या हातात घेतल्या की वजनावरूनच कळतं.

सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे 86,400 होतात. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात हा हिशोब कुणाला पटवावा लागत नाही. आमच्या सासूबाई तर गळक्या तोटीखाली तांब्या ठेवतात आणि भरला की तुळशीला ओततात.

आधी गच्चीवरच्या टाकीचा वॉल बंद करा. तोटी उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या आणि ती तशीच उघडी ठेवा. बंद तोटीत वायसर खाली दाबलेलं असतं, त्यामुळं डोकं आणखी घट्ट बसतं. मूठ काढून घ्या.

आता पाना बाजूला ठेवा. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चमचाभर घ्या, कोमट पाण्यात विरघळवा, जुन्या सुती साडीची चिंधी त्यात भिजवून डोकं आणि तोटीच्या सांध्याला गुंडाळा आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. बुडबुडे दिसले तर समजा क्षार विरघळतोय. तासाभरानं धुऊन ताजी चिंधी लावा. रात्रभर मात्र ठेवायची नाही, चकाकी उडते. संडास धुवायचं ॲसिड तर जवळसुद्धा आणू नका. त्याच्या वाफेनं जीव गुदमरतो आणि धातूही खातं.

मग दोन पाने लागतात, एक तोटीचं अंग धरायला, दुसरा डोकं फिरवायला. एकाच पान्यानं जोर लावला की भिंतीतला जुना लोखंडी पाइप पिळवटतो, आणि मग फरशी फोडायची वेळ येते. आधी किंचित कसायच्या दिशेनं दाबा, मग उलटं. परत कसा, परत उलटं. बारीकशी 'कट्' ऐकू आली की जिंकलात. नाही आली तर पान्याला लांब पाइप लावून लोंबकळू नका. पुन्हा चिंधी बांधा आणि तोवर भाकरी थापून घ्या. या कामात बराच वेळ वाट बघण्यातच जातो, आणि नेमकं तेच पुरुष मंडळींना जमत नाही.

डोकं निघालं की जुनं वायसर घेऊन गंजगोलाईच्या बाजारात जा. 'अर्धा इंची' म्हणून मागितलं तर दुकानदार चार प्रकार पुढं टाकतो, म्हणून नमुना हातात हवा. घरी आल्यावर आत बोट फिरवून बघा: वायसर जिथं टेकतं ती कडा गुळगुळीत लागली पाहिजे. खाच लागली तर नवं वायसरही गळणार. प्लंबरकडं ती कडा घासायचं हत्यार असतं, त्याच्याकडून घासून घ्या. आटे जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करा, टेफ्लॉन टेपचे दोन वेढे कसायच्या दिशेनंच द्या आणि नवं वायसर घालून डोकं आणि मूठ बसवा.

वॉल हळू सोडा. तोटी आता दोन बोटांनी बंद होईल. घरात सगळ्यांना, आमच्याकडं विशेषतः ह्यांना, सांगून ठेवा की आवळायची नाही. जोरानं आवळूनच वायसर चिरतं.